एक ते चार आणि इराचे कार्ड

इरा आणि नील, या वहीत आतापर्यंत मी माझ्या लहानपणाबद्दल लिहीत आले आणि सगळे क्रमाने लिहायचे ठरवले होते. क्रम मोडायची मला सवय नाही. पण गेल्या मंगळवारी तुमच्या बाबाने मला पुन्हा एक तक्ता पाठवला. नील आता तेरा वर्षांचा होणार, त्याला स्वतःचे कार्ड हवे, कोणते घ्यावे. सात कार्डे, अकरा रकाने, आणि खाली एक ओळ: ‘आई, तुला या बाबतीत अनुभव आहे, तुझं मत कळव.’ अनुभव आहे हे खरे. त्या अनुभवाबद्दल आपल्या घरात गेली चार वर्षे कोणी एक शब्द काढलेला नाही, आणि आता रकाना भरायला तो हवा आहे. म्हणून मत कळवण्याऐवजी मी हे प्रकरण लिहिते आहे. हे माझ्या वाढीचे नाही, इराच्या वाढीचे आहे. इराबद्दल मी ‘ती’ असेच लिहीन, म्हणजे इराला ते जरा लांबून वाचता येईल आणि नीलला आपली बहीण काय होती ते कळेल. चुकले असेल तर इराने समासात दुरुस्ती करावी. समास मी मुद्दाम सोडला आहे.

तुमच्या आईबाबांनी देश बदलला त्या वर्षी नील त्यांच्याबरोबर गेला आणि पंधरा वर्षांची इरा माझ्याकडे राहिली. तिथल्या शाळेचे वर्ष आणि आधीच्या शाळेचे वर्ष जुळत नव्हते, असे कारण सांगण्यात आले. सदाशिव पेठेतल्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती आपली एक मोठी बॅग आणि एक अबोल चेहरा घेऊन आली. खडकवासल्यात पाणी कितीही असो, आमच्या नळाला ते साडेपाच ते साडेसहा, त्यामुळे दिवस बादल्यांच्या आवाजाने सुरू होई. मग तळमजल्यावर शैलाबाईंच्या मेसचे तीन कुकर एकामागून एक शिट्ट्या देत, पोळ्या लाटणाऱ्या बायकांचे बोलणे जिन्यातून वर येई, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मुली मोठ्याने पाठांतर करू लागत. त्या स्पर्धा परीक्षांच्या मुली. एका खोलीत चौघी, चार पलंग, राज्यघटनेची कलमे आणि एक आरसा. त्यांतली पल्लवी वाशीमकडची, बावीस वर्षांची, घरची शेती. तिला दमा होता. पहाटे तिचा खोकला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून इतका स्पष्ट ऐकू येई की खोकला थांबला की मी दूध गॅसवर ठेवीत असे.

इराने पहिले पंधरा दिवस कानात गाण्याची बोंडे घालून काढले. मग एक दिवस मी खाली ताक द्यायला गेले तर ही मुलगी पल्लवीच्या पलंगावर मांडी घालून बसलेली, हातात धापोडा. धापोडे म्हणजे ज्वारीचे पापड. पल्लवीच्या आईने डबा भरून पाठवले होते. दोघी ते लाल ठेच्याशी खात होत्या आणि इराच्या डोळ्यांतून पाणी येत होते. पल्लवी तिला म्हणत होती, ‘काहून रडतं वं? अजून तर मायचा खरा ठेचा तू खाल्लाच नाही.’ तोवर इंग्रजीतच उत्तरे देणारी इरा त्या दिवसापासून मराठी बोलू लागली, आणि तेही माझ्याकडे कधीच शिकवले न गेलेले मराठी. मी तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले, शेवटची नऊ वर्षे पर्यवेक्षिका होते. माझ्या घरात ‘मले’ आणि ‘तुले’ सुरू झाले आणि मी काही बोलले नाही, कारण मुलगी हसू लागली होती.

आता कार्ड. तुमच्या बाबाचे म्हणणे असे की मुलीला रोख पैसे देणे मागासलेले आहे आणि मोकळे कार्ड देणे धोक्याचे. तेव्हा मधला मार्ग म्हणून अशा कार्डांचा शोध लागला आहे, जी मुलांच्या खिशात असतात आणि आईबापांच्या हातात. त्याने पाच कार्डांचा तक्ता केला. माणूस लग्न ठरवताना एवढी चौकशी करीत नाही; त्याने स्वतः तर केलीच नव्हती. तीन शनिवार सकाळी व्हिडिओवर बैठका झाल्या. एका कार्डावर मांजराचे चित्र छापून मिळत होते. एकात घरकाम केल्याबद्दल गुण मिळत आणि गुणांचे पैसे होत, म्हणजे पोरीने ताट उचलले की आईने परदेशातून बटण दाबायचे. एकाच्या जाहिरातीत एक मुलगा आणि त्याचे वडील एकाच फोनकडे पाहून हसत होते. इतके हसण्यासारखे फोनवर काय होते ते जाहिरातीत सांगितले नव्हते. सगळ्यांच्या माहितीपत्रकांत ‘स्वातंत्र्य’ हा शब्द होता आणि त्याच्याच खाली मर्यादा किती ठेवता येईल त्याचा तपशील. तुमची आई मृणाल म्हणाली की यातून मुलांना जबाबदारी कळते. कशी कळते ते तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही, कारण त्या बैठकांत मला मजा येऊ लागली होती. ती कबुली इथेच देऊन ठेवते.

शेवटी दोन कार्डे उरली. एकात महिनाअखेरीस हिशोब येई आणि बस. दुसऱ्यात प्रत्येक खरेदीची सूचना दोन पालकांच्या फोनवर त्याच क्षणी येई, मूल कोणत्या दुकानात आहे ते नकाशावर दिसे, आणि पाचशे रुपयांच्या वर खर्च असेल तर एका पालकाने ‘मंजूर’ दाबल्याशिवाय कार्ड चालत नसे. मंजुरी दहा मिनिटांत द्यायची, नाही तर विनंती रद्द. आईबाबा परदेशात, म्हणून एक पालक तुमचा बाबा आणि दुसरी मी. तिसऱ्या बैठकीच्या शेवटी कोणाला तरी आठवले की इराला विचारावे. ती पलीकडे बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. ‘जे दुकानात चालतं ते घ्या,’ ती म्हणाली. चार माणसांच्या चर्चेत तेवढे एकच वाक्य शहाणपणाचे होते आणि त्याची कोणी नोंद केली नाही. मग तुमच्या बाबाने मला विचारले, आई, तू सांग. आणि मी मंजुरीवाले कार्ड सांगितले. त्या तक्त्याला मी मनातून हसत होते हे खरे, पण नऊ वर्षे रजेचे अर्ज मंजूर-नामंजूर केलेल्या बाईला पुन्हा एक बटण मिळत होते. मी ते सोडले नाही.

बँकेतल्या टेबलामागे एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा बसला होता. मी चष्मा लावून सगळी पाने वाचू लागले तेव्हा तो म्हणाला, ‘मॅडम, एवढं कोणी वाचत नाही. ॲप डाउनलोड करा, बाकी सब ऑटोमॅटिक.’ मी त्याला म्हटले की ऑटोमॅटिक असेल तर माझ्या नऊ सह्या कशाला. तो म्हणाला, ती प्रोसेस आहे. असे आम्ही एकमेकांना शोभून दिसलो.

सुरुवातीचे महिने माझा फोन कोंबडीसारखा कलकलत असे. इराने वही घेतली, टिंग. इराने मैत्रिणीबरोबर दाबेली खाल्ली, टिंग. मग रविवारी तुमच्या बाबाचा फोन: या आठवड्यात बाहेरचं खाणं वाढलंय का? वाढले नव्हते. मेसला सुट्टी होती म्हणून इराने वरच्या-खालच्या सहाजणींसाठी वडे आणले होते आणि त्यांनी तिला पैसे हातात दिले होते. तक्त्यात ती एकटीच सहा वडे खाणारी मुलगी दिसत होती. हे मला माहीत होते आणि मी त्याला सांगितले, पण तो म्हणाला, ट्रेंड बघायला हवा. माझ्या मैत्रिणी हे ऐकून उसासे टाकीत की आमच्या वेळी विश्वास होता. काडीचा विश्वास नव्हता. मी चौदा वर्षांची असताना शाळेतून येताना एकदा भजी खाल्ली, तर घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती, भज्यांच्या संख्येसकट. आमच्या वेळी सगळी पेठच तो धंदा फुकट करीत असे. फरक इतकाच की बातमी आणणाऱ्या काकूंना मी कोणाबरोबर होते, रडत होते की हसत होते, तेही दिसलेले असे, आणि त्या तेही सांगत.

माझ्या दारावर एक पाटी आहे. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. नुसती पाटी लावून पुणे शहरात भागत नाही, म्हणून मी बेलचे बटणही आतून बंद करते आणि फोन मुका करून कपाटात ठेवते. घरात पाहुणा असो, सण असो, एक ते चार मी झोपते. इरा सकाळच्या शाळेतून दीडला येई, स्वतःच्या किल्लीने दार उघडी, चपला हातात घेऊन आत येई. पहिल्याच दिवशी मी तिला सांगितले होते की मला उठवायचे नाही. दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही.

एके दिवशी ती जिन्यात आली तर पल्लवी दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेली. श्वास आत जात नव्हता. फवाऱ्याचे औषध संपलेले, खोलीतल्या बाकी तिघी अभ्यासिकेत, फोन बंद. शैलाबाई जेवणावळ आटोपून कुलूप लावून गेलेल्या. पेठेतले दवाखानेही एक ते पाच बंद. इथे आजाऱ्यांनाही वामकुक्षीची वेळ पाळावी लागते. पल्लवी म्हणत होती, ‘मले काही नाही झालं, तू घरी जाय.’ तिचे ओठ निळसर दिसत होते. इरा वर आली नाही. वर मी होते, एका मजल्याच्या अंतरावर, आणि ती वर आली नाही, कारण मी झोपले होते. तिने पल्लवीला धरून खाली नेले, रिक्षात घातले आणि नदीकाठच्या एका लहानशा हॉस्पिटलात नेले. तिथे त्यांनी वाफ दिली, श्वास मोकळा झाला, आणि औषधे लिहून दिली. अकराशे चाळीस रुपये. औषधे हॉस्पिटलच्याच दुकानातून आणायची होती.

पल्लवीच्या खात्यात महिनाअखेरचे शंभर-सव्वाशे होते. इराने कार्ड पुढे केले. पाचशेच्या वर, म्हणून विनंती आली माझ्या फोनवर, कपाटात. आणि तुमच्या बाबाच्या फोनवर, जिथे पहाटेचे पाच वाजले होते. दहा मिनिटे इरा काउंटरपाशी उभी राहिली. विनंती रद्द. तिने मला चार फोन केले. बाबाला केले, आईला केले. पुन्हा कार्ड, पुन्हा दहा मिनिटे, पुन्हा रद्द. तिसऱ्यांदाही तेच. एवढ्या निवडीने निवडलेले कार्ड, एवढे पालक, आणि सगळे झोपलेले. तुम्हाला वाटेल आता दुकानदाराने म्हटले असेल, ने बाळ, पैसे उद्या दे. तो म्हणाला, ‘उधारीची पाटी वाचा.’ हेही पुणेच आहे. तेव्हा इराने आपला फोन त्याच्यापुढे ठेवला, म्हणाली हा ठेवून घ्या, औषध द्या, आणि फोन ठेवल्याची पावती द्या. त्याने दिली. औषधे घेऊन, पल्लवीकडच्या पैशांत रिक्षा करून, दोघी घरी आल्या, आणि इरा दुसऱ्या मजल्यावर पल्लवीजवळ बसून राहिली. हे सारे मला नंतर कळले. कोणाकडून ते पुढे येईल.

मी चारला उठले. चहा टाकला, फोन काढला. चार न उचललेले फोन आणि तीन रद्द विनंत्या, तिन्हींवर ‘औषधे’ असे लिहिलेले. मी इराला फोन लावला, कोणी उचलला नाही. तेवढ्यात तुमच्या बाबाचा आला. तो उठला होता आणि त्याने नकाशा पाहिला होता. ‘आई, ती दीड तास एका हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये आहे,’ तो म्हणाला. नकाशा फोनचा होता, मुलीचा नव्हता, हे आम्हाला दोघांना सुचले नाही. मग तो थांबला आणि त्याने विचारले, ‘कोणाबरोबर आहे?’ कशी आहे असे विचारले नाही. मागून मृणालचा आवाज आला की गेल्या दोन-तीन महिन्यांत तुम्हाला काही वेगळं जाणवलं का. मुलगी पंधरा वर्षांची, वेळ दुपारची, औषधाचे दुकान, घरी न सांगता. या चार गोष्टींची बेरीज त्यांनी काय केली ते मी लिहीत नाही. नील लहान आहे. मात्र हे लिहिते की माझी बेरीज तीच आली. मला तर मुलगी रोज दिसत होती, तरीही तीच आली. वीस मिनिटे आम्ही तिच्याविषयी बोललो, मुलींची मैत्री, मोबाइल, माझे वय. ती त्या वेळी माझ्या पायाखालच्या खोलीत होती. खाली जाऊन पाहावे असे मला वाटले नाही. मी फोन हातात धरून बसले होते ना.

पाच वाजायच्या सुमाराला दारात किल्ली फिरली. शाळेच्या गणवेशावर पल्लवीच्या ओकारीचा डाग, केस विस्कटलेले. मी उठून दारापाशी गेले आणि म्हटले, ‘कसलं औषध होतं? खरं सांग, मी रागावणार नाही.’

हे वाक्य मी शाळेत शेकडो मुलींना म्हटले आहे. ते विश्वास ठेवल्यासारखे ऐकू येते आणि त्यात विश्वास अजिबात नसतो. इराला आधी ते कळलेच नाही. तिने डागाकडे पाहिले, मला वाटते ती तो समजावून सांगणार होती. मग तिला कळले. कळताना मी तिचा चेहरा पाहिला आणि तो मला पुन्हा कधी दिसला नाही तर बरे.

‘पल्लवीताईला दमा आहे,’ ती म्हणाली. ‘तुला माहितीये.’

मी म्हटले, हो.

‘मी तुला तीन वेळा विचारलं, आजी. तू मला एकदा विचारलंस, आणि ते हे.’

ती आत गेली, हातपाय धुतले, कार्ड आणून माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवले आणि दप्तर उघडून अभ्यासाला बसली. रडली नाही, दार आपटले नाही. आपटले असते तर मला काही म्हणता आले असते.

मी खाली गेले. पल्लवी उशीला टेकून बसली होती. तिने धापा टाकीत सगळे सांगितले, मी वर लिहिले ते, आणि शेवटी माझीच समजूत घातली: ‘आजी, तुमची पोर नसती तं मी गेलीच असती. तिले बोलू नका जी.’ मी पैसे घेतले आणि त्या दुकानापर्यंत चालत गेले. दुकानदाराने पावती पाहून फोन काढून दिला आणि मला चष्म्यावरून न्याहाळले. ‘नात का? पक्की आहे. पावतीशिवाय फोन सोडला नाही पोरीने. कार्ड मात्र बदला, कामाचं नाही.’ दिवसभरात भेटलेल्या सगळ्या मोठ्या माणसांत इराबद्दल पहिला चांगला शब्द त्याने काढला, आणि तो तिला ओळखतही नव्हता.

त्या संध्याकाळी तुमच्या बाबाला मी खरे काय ते सांगितले. माझा मुलगा वाईट नाही. पण तो बोलला ते असे की औषधांसाठी मर्यादा पाच हजार करता येते आणि तिसरा पालक जोडण्याची सोय आहे, वेगळ्या वेळेच्या देशातला कोणी असला तर उत्तम. त्याने तिची माफी मागितली नाही. मीही मागितली नाही. मी तिच्या आवडीची मटारची उसळ केली. आमच्याकडे माफी अशी वाटीतून वाढतात आणि समोरच्याने ती ओळखावी अशी अपेक्षा असते. इराने उसळ खाल्ली, चांगली झाली म्हणाली, ताट स्वतः घासले.

कार्ड तिने पुन्हा हातात धरले नाही. पुढले पाच महिने दर रविवारी ॲपमधून आठवड्याचा आलेख येई आणि त्यात काही नसे. तुमचा बाबा त्या रिकाम्या आलेखाने जितका बेचैन झाला तितका वड्यांनी कधी झाला नव्हता. ती काय खाते, कुठे जाते, आई, काहीच कळत नाही. मी म्हटले, तिला फोन करून विचार. त्याने कार्डात हजार रुपये जास्त घातले. इराने माझ्याकडे बसचा पास मागितला आणि दिवसाला वीस रुपये हातात, आणि हे मागतानाही तिने मी देईन का असे विचारले नाही, किती लागतील तेवढे सांगितले. मी रोज सकाळी वीस रुपये तिच्या पाण्याच्या बाटलीखाली ठेवीत असे. त्यांचे ती काय करी ते मला माहीत नाही. एकदा मी विचारायला तोंड उघडले होते. तिने बुटाची नाडी बांधता बांधता नुसते वर पाहिले.

मे महिन्यात ती तुमच्याकडे गेली. जाताना मला वाकून नमस्कार केला, खाली पल्लवीच्या गळ्यात पडून रडली. मला ते जिन्याच्या कठड्यावरून दिसले. पर्यवेक्षिकेची सवय, वरून पाहायची.

तेव्हा नीलच्या कार्डाबद्दल माझे मत असे, आणि तुमच्या बाबाने हे त्याच्या बाराव्या रकान्यात घालावे. सातांपैकी कोणतेही घ्या. कार्डाची काही चूक नव्हती. त्याने तीन वेळा नीट विचारले, त्याला सांगितले होते तेवढेच केले. चूक कार्डात असती तर मी ते बदलून घेतले असते, मला दुकानदारांशी भांडता येते.

पल्लवी पुढच्याच वर्षी परीक्षा पास झाली आणि आता तिकडे आपल्या जिल्ह्यात तलाठी आहे. ती आणि इरा अजून रोज एकमेकींशी बोलतात. माझ्याशी इरा रविवारी बोलते.